भयकथांच्या कपाटाची तपासणी

३ तारीख, सोमवार
वाचनालयाच्या समितीत आज ठणकावून सांगितले : भयकथा आणि जगबुडीच्या कादंबऱ्यांचे कपाट बंद करा. ग्रंथपाल म्हणाले, बाई, त्यातले एक तरी वाचलेय का तुम्ही? न वाचता मत देणे माझ्या तत्त्वात बसत नाही. हाताला लागली ती तीन पुस्तके उचलली. अठ्ठावीसला मतदान. तोवर एकेकाचा निकाल लावते.

५ तारीख
पहिले पुस्तक. पडक्या दवाखान्यातले भूत. रुग्ण बाराव्या पानावर मेला, चाळिसाव्यावर चहा मागतो. पस्तीस वर्षे वह्या तपासलेला हात, थांबेल कसा? समासात लाल पेन्सिलीने लिहिले : 'मेलेल्याने निदान कप विसळून ठेवावा.' शेवटी शेरा : दहापैकी तीन. भूत आळशी.
हे पुस्तकात लिहिणे नव्हे, सुधारणा आहे. पुस्तके खराब करणाऱ्याचे कार्ड तीन महिने बंद, हा नियम मीच करून घेतला आहे.

६ तारीख
पुस्तक लगेच परत केले. शिस्त.
भीती? छे. भरदुपारी घरातले सगळे दिवे लावून ठेवले, ते बल्ब तपासायला. ह्यांनी विचारले, चार तास?

११ तारीख
जगबुडीची कादंबरी, भाग पहिला. जगातले पाणी संपते. एक आजी बकरी घेऊन चालत निघते. दोनशे पाने नुसती चाल! शेरा : दहापैकी चार. 'घर सोडताना आजीने नळ बंद केलेला नाही. पाणी का संपले ते कळले.'
नळाला दाब कमी वाटला म्हणून बादल्या, पातेली आणि सुनेचे केकचे भांडे भरून ठेवले. सून म्हणाली, आई, मी केक कशात करू? जगावर वेळ आली की केक सुचतो हिला.

१४ तारीख
भाग दुसरा. बकरी गेली. डोळ्यांत पाणी. कांदा चिरत नव्हते, पण चिरणार होते. शेरा : दहापैकी सहा. चार नुसते बकरीला.
शेवटच्या ओळीत आजी तळघरात, आणि दारावर थाप. कोण? तिसरा भाग आणलाच पाहिजे. अहवाल अपुरा नको.

१८ तारीख
तिसरा भाग बाहेर! अकरा जण रांगेत. ग्रंथपाल म्हणाले, हल्ली त्या कपाटावर उड्या पडतायत, बाई. लोकांची अभिरुची रसातळाला गेली आहे. बारावे नाव माझे लिहिले.

२१ तारीख
ग्रंथपालांनी सांगितले, त्या पुस्तकांत कोणीतरी लिहितेय. अक्षर वळणदार, शुद्धलेखन निर्दोष. मी म्हटले, शिकलेला गुन्हेगार जास्त घातक. अठ्ठावीसला भर सभेत उभे करा त्याला. ते माझ्या खिशातल्या पेन्सिलीकडे का बघत होते कोण जाणे.

२८ तारीख
ग्रंथपालांनी पुरावा म्हणून शेरे मोठ्याने वाचले. 'भूत आळशी'ला टाळ्या. कोपऱ्यावरचे औषधवाले उठून म्हणाले, आम्ही ही पुस्तके नेतो ती समासासाठी. कपाट राहिले. अकरा विरुद्ध एक. मग माझा नियम मलाच वाचून दाखवला. कार्ड जमा केले. रांगेतले नावही खोडले गेले.
घरी आले तर सुनेच्या हातात तिसरा भाग. रांगेत तिचा नंबर पहिला होता म्हणे! अहवालासाठी मागितला. म्हणाली, आई, अहवाल तर आज निकालात निघाला ना? मग म्हणाली, देते, पण माझ्या कार्डावर आहे. घरातल्या सगळ्या पेन्सिली आधी इकडे.
दिल्या. चष्म्याच्या डबीतलीसुद्धा.
पुस्तक उघडले. पहिल्याच ओळीत ढळढळीत चूक आहे.