तीन गुण, तीन रकाने

१२ डिसेंबर १९६२, बुधवार

पुण्याहून आलेला चाचणीच्या कागदांचा गठ्ठा आज उघडला. सातवीच्या बावीस मुली आणि धुळ्याला नर्सिंगची जागा एक! धीटपणा, चिकाटी, सचोटी — हे तीन गुण मोजायचे, तेही प्रत्येकी तीन तऱ्हांनी. छापील प्रश्न, मी दिलेले मार्क, आणि मुली एकमेकींबद्दल काय सांगतात ते.

तपासनीस साहेब बजावून गेले — काम नीट झालं तर मार्चमध्ये बदली खाली. खाली म्हणजे नंदुरबार. माझी मुलगी सिंधू तिथं माझ्या आईजवळ आहे, चार वर्षांची. हे वारले तेव्हापासून मी या डोंगरातल्या आश्रमशाळेत. दिवाळीत पोर मला "मावशी" म्हणाली.

१४ डिसेंबर

छापील प्रश्न झाले. सगळ्या जणींचं सगळ्यालाच "हो". अंधाराची भीती वाटते? हो. कशाचीच भीती वाटत नाही? हो! मी डोकं धरलं. स्वयंपाकीण धनुबाई हसत होती. "कागद सायेबना शे. सायेब म्हंजे पाव्हना. पाव्हनाले पोरी नही कसं म्हनतीन?"

नियमाप्रमाणे प्रत्येक "हो"ला मार्क. सगळ्यांना पाच, पाच, पाच.

१५ डिसेंबर

माझे मार्क दिले. अर्ध्या तासात उरकलं. दगूबाईला पाच, पाच, पाच — माझ्याशी घडाघडा शुद्ध मराठीत बोलते. शांतीबाईला दोन, दोन, दोन — भिंतीला टेकून बसते, तोंडातून शब्द काढत नाही.

१८ डिसेंबर

मुलींना एकेक करून बोलावलं. धनुबाईनं त्यांच्या बोलीत विचारलं. गुणांची नावं घेऊ नको म्हटलं, साधं विचार.

कुणाला फणफणून ताप भरला तर हाक कुणाला माराल? सतरा जणी — शांतीला. निंदणीत शेवटपर्यंत कोण टिकतं? पुन्हा शांतीच. खाऊ कुणाजवळ ठेवाल? शांतीजवळ एकही नाही! "खाई टाकस म्हने ती," धनुबाई म्हणाली. खाऊ ठेवायचा तो दगूबाईजवळ. पण आजारपणात दगूला कुणी बोलावणार नाही. रक्त दिसलं की तीच आडवी होते.

१९ डिसेंबर

रकाने शेजारी मांडून बसले. धीटपणाचे तीन रकाने एकमेकांना ओळखही देत नाहीत. माझे तिन्ही रकाने मात्र सख्खे भाऊ! धीट ती चिवट, चिवट तीच सच्ची. छापील कागदाचंही तेच. फक्त मुलींना एक गुण दुसऱ्यापासून वेगळा दिसतो.

छापील कागदानं पाहुणचार मोजला. आणि मी? माझ्यासारखं मराठी कोण बोलतं तेवढंच मोजलं, आणि तीनदा लिहिलं. फार लाज वाटली. छापील कागदावर तर सगळ्या सारख्याच, आणि मुलींच्या सांगण्याला वर कुणी विचारणार नाही. म्हणजे जागा माझ्याच रकान्यावर ठरणार, आणि दगू जाणार.

२० डिसेंबर

साहेबांना पत्र टाकलं. माझे मार्क रद्द करा, छापील कागद बाजूला ठेवा, शांतीबाईला पाठवा.

३ जानेवारी १९६३

साहेब जीपनं आले. रागावले नाहीत, तेच वाईट. "बाई, तिन्ही तऱ्हा जुळल्या असं पुण्याला कळवायचंय. दगूबाईच्या दोन जुळतात, तिसरी तुम्ही जुळवा आणि सही करून द्या. पोरींच्या बोलण्याला काय धरून बसता?" मग म्हणाले, "तुमच्या बदलीचा कागद माझ्याच टेबलावर आहे."

४ जानेवारी

हेडमास्तर लोटन गुरुजी — "सही करी टाका, बाई. आपले काय करनं शे? तुमनी पोर तठे वाट दखी ऱ्हायनी."

वाट पाहत असती तर बरं होतं.

५ जानेवारी

नाही करणार सही.

७ जानेवारी

आईचं कार्ड. सिंधू हल्ली तिलाच आई म्हणते. शेजारणींना कौतुक वाटतं म्हणे.

८ जानेवारी

मुलींचा रकाना नवा लिहिला. शांतीच्या सतराच्या जागी शून्य, दगूच्या शून्याच्या जागी सतरा. सही केली. खिडकीतून शांती दिसत होती, हंडा घेऊन चाललेली. तिला यातलं काहीच ठाऊक नाही. मला रडूही आलं नाही.

१९ मार्च

बदली झाली. साहेबांनी माझ्याविषयी भरलेला अहवाल लोटन गुरुजींनी गुपचूप दाखवला. तेच तीन गुण. धीटपणा पाच. चिकाटी पाच. सचोटी पाच.