अर्धा कुकाबरा

३ नोव्हेंबर, सोमवार

चोर! दुसरा शब्द नाही. म्हणजे आहेत, पण सिस्टर इग्नेशसच्या शाळेत शिकलेल्या बाईने ते लिहू नयेत.

पालिकेचा जुनं सामान उचलायचा आठवडा आजपासून. फाटकाबाहेरच्या गवतावर आलं की ते उचलेल त्याचं, एवढा एकच नियम. सकाळीच ट्रॉली घेऊन निघाले. कोपऱ्यावरच्या घरापुढे, झुडपाआड — कुकाबराचं झाकण! नळी जोडलेली, पुढचा ब्रशसुद्धा! छप्पन सालचा कुकाबरा व्हॅक्यूम. आईने दुकानाच्या काचेतून नुसता पाहिलेला, आमच्या घरी कधीच न आलेला. माझ्या गॅरेजात एकोणीस व्हॅक्यूम क्लीनर आहेत. हा नाही.

पण धड कुठाय? मान वर केली तर आमच्या जुन्या व्हॅक्यूमवाल्यांच्या क्लबातल्या लेस्टर बॅगलेची गाडी वळणावर, आणि मागे धड!

हाक मारली. त्याने हात हलवला. हात!

४ नोव्हेंबर

लेस्टरला फोन केला. "अहो मिस क्विल्टी, झाकण तुमच्याकडे होय? बरं झालं. घ्यायला कधी येऊ?"

म्हटलं, "धड घेऊन या. झाकण बसवून बघते, आणि मग तुम्ही रिकाम्या हाताने घरी जा."

हसला. मेला हसला!

५ नोव्हेंबर

झाकणाशिवाय धड म्हणजे नुसता गरगरणारा पंखा. धडाशिवाय झाकण म्हणजे टोपी. बसू दे त्याला पंखा घेऊन.

८ नोव्हेंबर, शनिवार

स्वतःच आला. धड छातीशी धरून, धापा टाकत. बावीस तारखेला जिलाँगला क्लबचा मेळावा. तिथे अर्धं यंत्र चालत नाही. म्हणाला, दोघांच्या नावाने स्पर्धेत उतरवू. नंतर सहा महिने तुमच्याकडे, सहा महिने माझ्याकडे.

"पहिले सहा माझे."

"तुम्ही नन का नाही झालात हो?"

"तिथे हुकूम पाळावे लागतात."

१२ नोव्हेंबर

माझ्याच गॅरेजात काम सुरू. मोटर त्याची, बाहेरचं अंग माझं. बेअरिंग कोरडी ठाक, कार्बन झिजून बोटाच्या नखाएवढे. बाहेरून सगळा मळकट तपकिरी. मला वाटलं, रंगच तो. असले रंग काढायचे तेव्हा! पण ओलं फडकं घासत राहिले, तर मेणाचा नि सिगारेटच्या धुराचा थर सुटून आला — आणि खाली समुद्री हिरवा! ओरडलेच. लेस्टरचं डोकं फळीवर आपटलं.

उठून आला. बघत राहिला. मग म्हणाला, "फिलोमिना, बघ तरी हे!"

बघतच होते की. मिस क्विल्टी कुठे गेली, ते मी विचारलं नाही.

१६ नोव्हेंबर

हा माणूस स्क्रूड्रायव्हर चमच्यासारखा धरतो. गातो, तेही बेसूर. पण लॅमिंग्टन केक आणतो, आणि मोठा तुकडा माझ्याकडे सरकवतो.

धुळीच्या पिशवीची शिवण मी नव्याने घातली. आज बटण दाबलं. चालू झाला! चर्चमधल्या ऑर्गनचा सगळ्यात खालचा सूर, अगदी तसा घुमला. आम्ही नाचलो नाही. थोडक्यात राहिलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पहिला नंबर, पदकासकट! तिथे गालिच्यावर पीठ पसरतात आणि एका फेरीत कोण किती ओढतं ते बघतात. आम्ही मागे चिमूटही ठेवली नाही.

अध्यक्ष लेस्टरचा हात हलवून हलवून — "शाब्बास, बॅगले!" मग माझ्याकडे वळून, "आणि मॅडम, सँडविच झकास झालेत हं."

सँडविच मी केलेच नव्हते! साठ वर्षं ही यंत्रं घराघरांत ढकलली कुणी, यांनी? म्हटलं, "मी फक्त पीठ ओढलं. तुमचं अजून गालिच्यावर पडलंय, ते उचला."

लेस्टर हसून हसून खाली बसला. परतीच्या वाटेवर पुन्हा हसला. मीही.

२३ नोव्हेंबर, रविवार

चर्चमध्ये मिस्सानंतर चहाला कोपऱ्यावरच्या घरातल्या झामितबाई होत्या. मूळच्या माल्टाच्या. आवाज खणखणीत. "गवतावर बसून गाडी साफ करत होते हो. पिशवी रिकामी करायला झाकण काढून ठेवलं, तेवढ्यात भावाचा फोन. परत येते तर सगळंच गायब! माझ्या लग्नातला व्हॅक्यूम! कसली माणसं राहतात इथे?"

चहा अर्धाच टाकून घरी आले.

टाकलंय की ठेवलंय, हे दार वाजवून विचारायला काय धाड भरली होती मला?

लेस्टरला फोन. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पहिले सहा महिने कुणाचे, तो वाद मिटला म्हणायचा."

"उद्या दहाला. इस्त्रीचा शर्ट घाल."

पदकही बरोबर न्यायचं, असं ठरलं. रडू आलं. झोपते.

२४ नोव्हेंबर

गेलो. सगळं सांगितलं. झामितबाईंनी एकदाच पाहिलं. "हा माझा नव्हेच. माझा तपकिरी होता." आम्ही चोरी कबूल करतोय आणि बाई ऐकायला तयार नाहीत! शेवटी लेस्टरने चालू केला. आवाज कानी पडताच बाई ताडकन उठल्या आणि मिठी मारली — यंत्राला. मग आमच्यावर उसळल्या, "लाज नाही वाटत? या वयात नवराबायको मिळून चोऱ्या करता?"

चोरीबद्दल आम्ही दोघांनी माफी मागितली.

बाकीच्याचा खुलासा लेस्टरने केला नाही. मीही नाही.