दादांनी माझं नाव घेतलं ती कॅसेट

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. विषय फक्त संगीत. रिटायर झाल्यावर माणसानं एका विषयात तज्ज्ञ व्हावं. मी आधीच आहे, नोंद तेवढी नव्हती. तीस वर्षं जळगाव जामोदच्या स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारल्या. आवाजातलं मला कळतं.

माझी क्रमवारी. पहिला नंबर: दयारामदादांची गायनपार्टी, भीमजयंती, वडनेर भोलजी, १९९४. लाइव्ह. दुसरा नंबर कुणालाच नाही. बाकीचे तिसऱ्यापासून.

माझ्याकडची कॅसेट साठची, म्हणजे एका बाजूला अर्धा तास. पहिली बाजू संपता संपता दादा चालू गाणं थांबवतात आणि म्हणतात, धम्मरत्न भाऊ... खट्. टेप संपते. एवढ्या मोठ्या कलावंतानं गाणं थांबवून माझं नाव घेतलं! पुढचं मला तेव्हा ऐकू आलं नाही, कारण मी उभा राहून कोरसबरोबर गात होतो. पण दर्दी माणसाला दाद दिली असणार, हे उघड आहे. मागून दोघांनी शर्ट धरून खाली ओढलं होतं. मिठी मारायची असावी.

दादाले तुझं नाव कसं माहीत, असं शेजारचा पंजाबराव खोचकपणे विचारतो. मी फर्माईशीच्या सात चिठ्ठ्या नावानिशी पाठवल्या होत्या. पण त्याचा इथं काय संबंध?

५ नोव्हेंबर, बुधवार
दादांचा मुलगा संघर्ष, नांदुऱ्याला शिक्षक आहे, त्याचा फोन. २३ तारखेला दादांचा पहिला स्मृतिदिन, वडनेरलाच. त्या दिवशी १९९४ चा कार्यक्रम सर्वांना ऐकवून यूट्यूबवर टाकणार. साउंडवाल्याकडे नव्वदची कॅसेट सापडली, तिच्यात सगळं सलग आहे. जुने रसिक म्हणून मी बोलायचं.
विचारलं, त्यात माझं नाव आहे ना? म्हणाला, काका, नांदुऱ्याला या, ऐकवतो. आणि लगेच फोन ठेवला.

६ नोव्हेंबर
मनाली नावाच्या नव्या गायिकेचा अल्बम ऐकला. आवाज गोड. इतका गोड की संशय येतो. आठ गाण्यांत एकदाही श्वास घेतलेला ऐकू येत नाही. मशीन असावी. दहापैकी चार. (सहावं गाणं तीनदा ऐकलं. तपासणीसाठी.)

९ नोव्हेंबर, रविवार
नांदुऱ्याला जाऊन आलो. संघर्षनं लॅपटॉपवर ऐकवलं. गाणं येतं, आणि सरळ पुढचं कडवं! माझं नाव गायब!
म्हणाला, काका, मधलं बोलणं काढून टाकलं, गाणं सलग वाटते. मग कुणा वच्छलाबाईंनी पार्टीला दिलेल्या बक्षिसाची घोषणा कशी राहिली? ती जशीच्या तशी आहे. फक्त मला कापलं.
संशयित क्रमांक एक: पंजाबराव. शेजारी, शेतकरी, कॅसेटींचा नादी, आणि त्याचं नाव एकाही कॅसेटीत नाही. जळतो.
संशयित क्रमांक दोन लिहायला हात धजत नाही. सारिका. मी घरी येऊन सगळं सांगितलं तर बायको म्हणते, जाऊ द्या ना, काऊन त्या पोराच्या मांगं लागले? नवऱ्याचं नाव कापलं जातं आणि हिला काहीच नाही? हिचं माहेर वडनेरचं, हे विसरून चालणार नाही. दादांच्या तोंडून माझं नाव ऐकूनच सासऱ्यांनी मला मुलगी दिली असं मी आजवर मानत आलोय.
संकल्प: आठ दिवस हा विषय काढायचा नाही.

१० नोव्हेंबर
काढला.

१५ नोव्हेंबर, शनिवार
पंजाबरावाची उलटतपासणी, त्याच्याच ओट्यावर. तो म्हणाला, बे, मले तं दादा तिथं काय बोलले हेच माहीत नाही, मी काऊन कापायले लावीन? गुन्हेगार अगदी असंच बोलतो. चहा घेतला नाही. (अर्धा घेतला.)

१८ नोव्हेंबर, मंगळवार
लेखी अर्ज दिला: दादांचा एकही शब्द कापू नये, अन्यथा मी बोलणार नाही. समाजाच्या ग्रुपवरही टाकला. एकवीस अंगठे आले.
संध्याकाळी संघर्ष स्वतः घरी. म्हणाला, काका, तुमच्यासाठीच काढलं होतं. ठेवा म्हणता तं ठेवतो, पण आधी एकदा ऐकून घ्या. मी म्हटलं, ऐकायचं ते चारचौघांत. एकट्यात ऐकवून माझ्याकडून तडजोड करून घेण्याचा डाव मी ओळखला. सारिका म्हणाली, तो म्हणते तं ऐका ना हो. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नोंद घेतली.

२३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी
पांढरा शर्ट. भाषण तयार: दादा आणि मी. पंजाबरावाला मुद्दाम पहिल्या रांगेत बसवणार.

२३ नोव्हेंबर. संध्याकाळी
कार्यक्रम झाला. भाषण केलं नाही. घसा बसला असं सांगितलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार
लिहून टाकतो. इथं कोण वाचणार आहे?
समाजमंदिर भरलेलं. दोन मोठे स्पीकर. दादांचा आवाज आला, धम्मरत्न भाऊ... मी उठून उभा राहिलो, सर्वांना हात जोडले. आणि दादा पुढं म्हणाले, तुमच्या सातही चिठ्ठ्या भेटल्या. आता आठवी आली, बायांकडून. लिवलं हाये, समोरच्या लंब्याले बसवा, आमाले काई दिसत नाही. बसा भाऊ. आन् गाऊ नका, मले गाऊ द्या.
कॅसेटीतली माणसं हसली. समाजमंदिरातलीही हसली. मी उभाच होतो. एकटा पंजाबराव हसला नाही, छताकडे पाहत राहिला. त्याचं मला जास्त लागलं.
लाज वाटली. एकतीस वर्षं येईल त्या पाहुण्याला बसवून ती कॅसेट ऐकवली मी.
परतीची गाडी नांदुऱ्याला पोचली. मग मी सारिकाला म्हटलं, कोण असेल ती चिठ्ठीवाली? तोंड तरी पाहायला पाहिजे होतं. ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, रोज तं पाहता. मीच लिवली होती.
विचारलं, मग एवढी वर्षं बोलली काऊन नाही? म्हणाली, तुम्ही किती खुशीत ऐकवत होते. आणि हसायला लागली. गाडीत जोरात हसली. पदर तोंडाला लावून हसली.
घरी आलो. काय करावं सुचेना, खोलीच्या मधोमध उभा राहिलो. ती म्हणाली, बसा आता.
बसलो.