उपग्रहाच्या अर्जावर माझा नंबर

सोमवार, २२ डिसेंबर २०२५

१९८४ सालचा एक रविवार आज सारखा आठवतोय. हे गच्चीवर टीव्हीची अँटेना फिरवत होते, मी खालून ओरडत होते — "आलं! गेलं! आलं, आता हात काढा!" हात काढला की चित्र गेलंच!

आठवायला कारण झालं. बेंगळुरूच्या सरकारी कार्यालयातून फोन. उपग्रहांच्या टकरी होऊ नयेत म्हणून ते नजर ठेवतात. ह्यांनी हिंगण्याच्या कॉलेजात मुलांकडून डब्याएवढा उपग्रह करून घेतला होता, तो अजून वर फिरतोय. गुरुवारी दुपारी तो एका परदेशी उपग्रहाच्या फार जवळून जाणार. "मॅडम, आपका सॅटेलाइट हट सकता है क्या?" साहेबांचं नाव जितेंद्र. म्हटलं, त्याला इंजिनच नाही हो! आणि हे जाऊन दोन वर्षं झाली. अर्जात 'चोवीस तास संपर्क' पुढे ह्यांनी माझा नंबर टाकलेला — स्वतःचा फोन कधी सापडायचा नाही म्हणून!

मंगळवार, २३

सकाळी नऊला ह्यांच्या रेडिओवर ऐकला. पीप-पीप. ह्यांच्या नावाची अक्षरं पाठवत राहतो. एवढंच उरलंय ह्यांचं.

रुखमाबाई भांडी टाकून ऐकायला येतेच. तिला सगळं सांगितलं. "आपला सरकत नाही त दुसऱ्यानं सरकाव नं बाई! गल्लीत दोन गाड्या आल्या त एकाले थांबाच लागते." साहेबही हेच म्हणाले. दुसऱ्याकडे इंधन आहे, पण मर्जी त्यांची. सरकारने पत्र पाठवलंय. तिकडे नाताळची सुट्टी!

पुण्याला हिमानीला फोन केला. लेक म्हणते, "आई, कॉलेजवाल्यांना सांग ना!" कॉलेजात ह्यांच्या वेळचं कोणी उरलंच नाही.

बुधवार, २४

दवाखान्यात तपासणीला फोन बंद करायला लावला. बाहेर आले तर साहेबांचे सात फोन! "फोन बंद कैसे रख सकती हैं आप?" बरोबरच आहे त्यांचं. पत्राला उत्तर नाही. टक्कर झाली तर तुकडे वर्षानुवर्षं फिरणार, आणखी कुणाकुणाचे उपग्रह फोडणार. मी काय करू? वर बघायचं नुसतं.

गुरुवार, २५

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी शिकवलेली प्रार्थना. इंग्रजीतच आली ओठांवर.

शुक्रवार, २६

पीप-पीप! दुसऱ्याने ऐनवेळी वाट बदलली! रुखमाबाई म्हणते, "वाचला नं बाई! आता तरी दोन घास खा." साहेब पहिल्यांदाच हसले. अजून तीन वर्षं फिरेल म्हणाले, मग आपोआप खाली येऊन जळेल. "तब तक नंबर चालू रखिए, मॅडम." हो म्हटलं.

शनिवार, २७

रिपोर्ट आला. तीन वर्षं नाहीत. डॉक्टर एक म्हणाले, तेही अडखळत.

ह्यांच्या वह्या कॉलेजला. रेडिओ रुखमाबाईला, तिला वेळ पाठ आहे. फोन आणि नंबर हिमानीला. बेंगळुरूला तिचं नाव कळवावं. ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा तिने तो बंद करू नये. साहेब रागावतात, मनाला लावून घेऊ नये.