हल्या मुका झाला

नंदुरबार,
ज्येष्ठ, शके १८६१

रा. रा. फत्तेसिंगभाऊ यांस मेहुणे नवलसिंग यांचा रामराम. आम्हा उभयतांपैकी जो एक येथे उरला आहे तो खुशाल आहे. दुसरीची खुशाली तुमच्याकडेच, ती कळवावी. तुमच्या गुडघ्याला उतार असावा.

आखाजीच्या सणाला तुम्ही मुराई होऊन निर्मलाला माहेरी न्यायला आलात, त्याला महिना होत आला, पण तिला परत धाडण्याचे नाव नाही. कळले ते असे, की आमच्या साप्ताहिकातला रेडा, म्हणजे हल्या, पाहून तुम्ही रागावलात. धानोऱ्याला घरच्या ओट्यावर अंक आपटून "मी काय हल्या शे?" असे विचारलेत, आणि कोणीच नाही म्हटले नाही. (यात माझा दोष नाही.)

भाऊ, हल्या हा नुसता रेडा आहे. दर अंकी चार चौकटींत उभा राहून तो सरकारला दोन शब्द सुनावतो. फौजदारसाहेब वाचून आठ्या घालतात, पण रेड्यावर खटला कसा भरावा हे त्यांना अजून सापडलेले नाही. आखाजीच्या अंकात तो मुराई होऊन निघाला आणि म्हणाला, "स्वराज्यले सासरमा गयरा दिन व्हई ग्यात. तिले लेवाले चालनू." आता मुराई म्हटला की फेटा आला, आणि फेटा कुठल्या तरी डोळ्यावर झुकणारच. तुमचा उजव्यावर झुकतो हे ठाऊक असल्यामुळे मी लाकडाच्या ठशात तो मुद्दाम डाव्यावर कोरला. कागदावर ठसा उलटा उठतो हे घाईत ध्यानात राहिले नाही. पोटाचे म्हणाल तर रेड्याला पोट असतेच. तरी राग सोडावा. वडीलधाऱ्यांस नमस्कार, बैलांच्या पाठीवर माझा हात फिरवावा.

आपला,
नवलसिंग

ता. क. निर्मलाला लवकर धाडावे. हल्याचे चित्र माझे, बोलणे तिचे. भाकरी थापताना ती सरकारला जे बोलते तेच मी खाली लिहितो. ती गेल्यापासून हल्या चारही चौकटींत नुसता रवंथ करतो. वाचकांना वाटते त्याने मौन धरले आहे. फौजदारसाहेब तर आता जास्तच घाबरले असून, त्याच्या मनात काय आहे म्हणून रोज छापखान्यात विचारायला येतात. मी काय सांगणार? मला सरकारबद्दल स्वतःचे मत नाही. घर फार शांत झाले आहे आणि ते मला मुळीच आवडत नाही.

आणखी एक. तिला सोडायला दुसऱ्या कोणाला पाठवू नये. तुम्हीच यावे, फेटा बांधून, आणि दोन दिवस राहावे. तुम्ही गेल्यापासून हल्याची मान जमत नाही.