नेटबॉलच्या बातमीतून गाळलेला परिच्छेद

बाबा, शाळेच्या नव्या नेटबॉल कोर्टला कोचचं नाव द्यायचं नक्की झालं आहे. बोर्डाच्या अध्यक्षबाईंनी काल दुपारी फोनवर दुजोरा दिला. शनिवारी सकाळी दहाला फीत कापायची, मग चहा. "गावासाठी हीप्स केलंय त्यांनी," ढीगभर केलंय, असं त्या म्हणाल्या. मी ते लिहून घेतलं, आभार मानले. या साप्ताहिकात शाळांचं आणि खेळांचं पान मी वीस वर्षांहून जास्त काळ बघते आहे, राग आला तरी माझा आवाज बदलत नाही. मग कोचचीच प्रतिक्रिया घ्यायला त्याला फोन केला. तो म्हणाला, आज डॉक असता तर सगळ्यांत जास्त खूश झाला असता. तेव्हापासून मला तुमचा राग आला आहे, आणि तो उतरत नाहीये.

डॉक म्हणजे तुम्ही. तुम्ही डॉक्टर नाही, मेन स्ट्रीटवरच्या औषधांच्या दुकानातले फार्मासिस्ट आहात हे त्याला माहीत होतं, आणि ते नाव तुम्हाला आवडतं हे मला माहीत होतं. शनिवारी सकाळी तुम्ही ओट्यापाशी उभे राहून दोन डझन संत्री चिरायचात. सालासकट चार-चार फोडी, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरून. इथे हाफटाइमला खेळाडूंना संत्री देतात. ते काम एरवी कुणाची तरी आई करते, तुम्ही ते मागून घेतलंत. एकदा रिकार्टनच्या भारतीय दुकानातून आणलेला चाट मसाला वर भुरभुरलात, तर सगळ्या मुलींनी तोंडं वाकडी केली. पुढच्या शनिवारी त्यांच्यातलीच एक डब्यात डोकावून विचारते, आज ते तिखट नाही का? ती आपली गोल शूटर. तेव्हा सोळा वर्षांची, तुमच्यापेक्षा हातभर उंच.

सेमीफायनलला ती डांबरी कोर्टवर डोक्यावर पडली आणि बाकाजवळ जाऊन ओकली. मंगळवारी कोच तिच्यासाठी डोकेदुखीच्या गोळ्या घ्यायला दुकानात आला. तुम्ही त्याला सांगितलंत, गोळ्या नकोत, डॉक्टरला दाखवा, या शनिवारी तिला खेळवू नका. तो हसला. "शी'ल बी राइट, डॉक." म्हणजे, होईल सगळं ठीक. हे सगळं तुम्ही त्याच दिवशी जेवताना मला सांगितलंत. डॉक्टरला कुणी दाखवलं नाही. शनिवारी फायनलला ती खेळली. आणि त्या शनिवारीही तुम्ही संत्री चिरलीत, बाबा. हाफटाइमला तिच्या हातात फोड दिलीत आणि तिला परत कोर्टवर जाऊ दिलंत. तिचे आईवडील दोन पावलांवर उभे होते, त्यांच्याशीही बोलला नाहीत. शेवटच्या मिनिटांत कुणाचं तरी कोपर तिच्या कानाजवळ लागलं. ती उठली, गोल केला, आपण एका गोलने जिंकलो.

त्या विजयाची बातमी ही पहिल्या पानावरची माझी पहिलीच. सोमवारी मी मसुदा स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुमच्यापुढे ठेवला. चौथ्या परिच्छेदात होतं, की मुलीला खेळवू नये असं गावच्या फार्मासिस्टने, पुढे तुमचं नाव, कोचला आधीच सांगितलं होतं. तुम्ही चष्मा काढलात. "तुला लिहायला काय जातंय? मला रोज सकाळी दुकान उघडायचंय. या लोकांनी आपल्याला घरात घेतलंय. माझं नाव काढ." एवढ्या वर्षांत तुम्ही माझ्यावर आवाज चढवलात तो तेवढाच.

महिन्याभराने क्लबने तुम्हाला टीमचं जॅकेट दिलं. छातीवर 'डॉक' असं भरतकाम. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यातही तुम्ही ते अंगावरून काढलं नाहीत. ते माझ्या कपाटात आहे, मला ते टाकवत नाही, त्याचाही राग येतो.

गोल शूटरची शाळा त्याच वर्षी सुटली. ट्यूबलाइटखाली दहा मिनिटं वाचलं की तिचं डोकं फुटायला लागतं. आता ती कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, दिवसातून तीन तास काउंटरवर बसते, काळा चष्मा लावून. मी रोज तिच्याकडून दूध घेते आणि आम्ही हवेबद्दल बोलतो.

आज सकाळी ती माझ्या ऑफिसात आली. कोर्टच्या नावाचं तिला कळलं होतं. दिव्याकडे पाठ करून बसली आणि म्हणाली, "तुझ्या बाबांनी त्याला सांगितलं होतं ना? रांगेत त्याच्या मागे माझी आई होती. त्याने तिला नंतर पटवलं, की डॉक उगाच घाबरतो." मी हो म्हटलं. "मग तुझ्या पेपरात ते येईल म्हणून मी त्या गुरुवारी वाट बघत होते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिच्या वाटचाही मला आला.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की ती बातमी बाबांनी मारली. खरं असं आहे, की तुम्ही फक्त तुमचं नाव काढायला सांगितलंत. कोचला सावध केलं होतं हे नावाशिवायही छापता आलं असतं. गुरुवारच्या अंकाची वेळ होत आली होती, संपादकांना त्या परिच्छेदाची कल्पनाही नव्हती. तो अख्खा परिच्छेद मी गाळला.

परवा गुरुवारी अंक निघेल. परिच्छेद आहे, तिची आणि दुपारी फोनवर घेतलेली तिच्या आईची साक्ष आहे, त्यावर कोचचं म्हणणं आहे, आणि या वेळी तुमचं नावही आहे. तुम्हाला विचारायला लागत नाही, हे मला बरंच सोयीचं झालंय. काल फोन ठेवताना अध्यक्षबाईंनी विचारलं होतं, शनिवारी बाबांसारखी संत्री चिरून आणशील का. मी सवयीने हो म्हटलं. गुरुवारनंतर ते बोलावणं राहील असं वाटत नाही, तरी दोन डझन आणून ठेवली आहेत.