‘दीपगृह’वर माझा बहिष्कार

५ एप्रिल, शनिवार. सकाळी ७.१०

नव्या सीझनचा ट्रेलर पाहिला. शी. दुसरा शब्द नाही.

उद्या मलाच विसर पडायला नको म्हणून लिहून ठेवतो. ‘दीपगृह’ ही जगातली एकमेव शहाणी मालिका. सव्वीस वर्षं, अकरा सीझन. अंतराळात खडकांच्या पट्ट्याच्या तोंडाशी एक दीपगृह. त्यात एक रखवालदारीण, लोखंड्या नावाचा यंत्रमानव आणि बरोबर एकोणीस सेकंदांत एक फेरी मारणारा पिवळा दिवा. लोखंड्या कधी हसत नाही. बास. यात सुधारायला जागाच नाही. तर या नव्या मंडळींनी काय करावं? दिवा निळा केला! आणि ट्रेलरच्या शेवटी लोखंड्या हसतो. खळखळून. दात दिसतात. यंत्राला दात कशाला लागतात?

निश्चय: बारावा सीझन बघायचा नाही. एकही भाग नाही. एक मिनिटही नाही.

सकाळी ९.००

लेक म्हणाली, बाबा, बारा भाग आहेत आणि मला जायला बाराच शनिवार उरलेत, आपण दोघं बघू या ना. बावीस जूनला ती कॉलेजसाठी परगावी जाणार, हॉस्टेलवर. सात वर्षांची होती तेव्हापासून जुने सीझन तिने माझ्या शेजारी बसून पाहिलेत, शनिवारी सहा वाजता, पाय माझ्या मांडीवर टाकून. मी तिला समजावलं की तत्त्व म्हणजे तत्त्व. ती बरं म्हणाली. समजूतदार पोरगी. माझ्यावर गेली आहे.

७ एप्रिल

‘दीपगृह’च्या चाहत्यांच्या फोरमवर बहिष्काराची हाक दिली. तिथे मला सगळे ‘मुख्य रखवालदार’ म्हणतात. (आधी मी स्वतःच म्हणायचो, मग रूढ झालं.) एकेचाळीस सह्या! चिटणीस म्हणून गणिताच्या बाईंना नेमलं. निवृत्त शिक्षिका, फार काटेकोर. नियम मी लिहिले. नियम चौथा: जो एक जरी भाग बघेल त्याची चर्चा न करता हकालपट्टी. बाईंनी विचारलं, अपवाद? मी ठणकावून सांगितलं, अपवाद नाही.

१२ एप्रिल, शनिवार

लेक एकटीच टीव्हीसमोर बसली. मी स्वयंपाकघरात होतो. तासाभरात सात वेळा पाणी प्यायलो. टीव्ही वाटेतच आहे त्याला मी काय करणार. प्रत्येक फेरीला शी, छे, अरेरे एवढंच म्हणालो. बायको म्हणाली, अहो, बघायचं नसेल तर बघू नका, पण तोंड तरी आवरा. मी म्हटलं, ही माझी अभिव्यक्ती आहे. ती म्हणाली, मग ती गॅलरीत जाऊन करा.

१४ एप्रिल, सोमवार

महत्त्वाचा विचार. ज्यावर बहिष्कार घालायचा ते नीट माहीत नको का? डॉक्टरसुद्धा आजार तपासूनच तोंड वाकडं करतो. तेव्हा आतापर्यंतचे दोन्ही भाग ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, मोबाइलवर तपासले. बघितले नाहीत. तपासले. दीडपट वेगाने, म्हणजे खरं तर धरूच नयेत.

किळस आली. कंट्रोल रूमच्या जिन्याला नवा कठडा. रखवालदारीण कॉफी पिते. कॉफी! अकरा सीझन बाई गरम पाण्यावर जगली.

१९ एप्रिल, शनिवार

लेकीला आज शांतपणे मदत करायला गेलो. सोफ्यामागे उभा राहून फक्त चुका सांगितल्या. सत्तावीस. शेवटी ती म्हणाली, बाबा, तू बस तरी किंवा जा तरी. मी गेलो. तत्त्वाचा माणूस बसत नाही.

संध्याकाळी फोरमवर लेख टाकला: ‘ट्रेलरवरून काढता येणारे काही निष्कर्ष’. दोन हजार शब्द. लेकीला लिंक पाठवली. तिने वाचली. निळ्या खुणा आल्या.

२६ एप्रिल, शनिवार

सहा वाजले, टीव्ही बंद. लेक तिच्या खोलीत, दार लावून, कानात हेडफोन. आतून हसण्याचा आवाज. म्हणजे लॅपटॉपवर बघते आहे, आणि लोखंड्यासोबत हसते आहे. माझं रक्त असून! दारावरून चार वेळा गेलो. बायको कपाटाच्या वरून बॅगा काढत होती, म्हणाली, तिची नवी रूममेट आहे फोनवर. पोरीला पाठीशी घालायची हिची जुनी सवय.

२८ एप्रिल, सोमवार

आमच्या लिफ्ट कंपनीच्या तक्रार विभागात मी एकोणीस वर्षं आहे. माणसांवरचा विश्वास उडतो हो. लिफ्ट हळू आहे, लिफ्ट आवाज करते, आरशात मी जाड दिसते. लोकांना तक्रारीशिवाय सुचत नाही काही. एखादी गोष्ट बदलली की लगेच फोन. अरे, जरा जुळवून घ्या!

चौथा भाग तपासत असताना एक बाई फोनवर आल्या, सहाव्या आणि सातव्या मजल्यामध्ये अडकलेल्या. नेमकं तेव्हाच लोखंड्या दार उघडत होता आणि त्या दाराला बिजागरीच नव्हती! बाईंना होल्डवर ठेवलं. तीन-चार मिनिटंच. नंतर त्या काय काय बोलल्या. धीर म्हणून नाही लोकांना.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. लेखी समज दिली. त्यांनाही नव्या पद्धतीची फार हौस. शी.

६ मे

निश्चय: आजपासून तपासणीही बंद. मोबाइल ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप, किल्ली शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्टबाईंकडे.

६ मे, दुपारी १.२०

किल्ली परत घेतली. घरून महत्त्वाचा फोन यायचा होता. आला नाही. पाचवा भाग अत्यंत घाण आहे.

१७ मे, शनिवार

लेक जेवताना म्हणाली, संध्याकाळी दोघं फिरायला जाऊ या का, नदीपर्यंत. तिने आपणहून विचारलं. मी ओळखलं. सहा वाजताचा भाग चुकवून मला खूश करायचा डाव. म्हणजे अपराधी वाटतं आहे तिला. वाटू दे जरा. म्हटलं, आज जमणार नाही, फोरमचं काम आहे. ती आईबरोबर गेली.

फोरमचं काम म्हणजे अडतीस सभासद गप्प आहेत आणि उरलेले तीन म्हणजे मी, गणिताच्या बाई आणि एक माणूस जो कोणत्याही विषयावर जुन्या पंख्यांचे फोटो टाकतो.

२ जून, सोमवार

बायको म्हणाली, वीस दिवस राहिलेत पोरीला जायला, शनिवारी तरी तिच्याशी दोन शब्द बोला. मी म्हटलं, तिने आधी तो सीझन सोडावा. बायको म्हणाली, सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. मग मला गादीचं कव्हर शिवून आणायला पाठवलं. शिंप्याने विचारलं, मुलगी चालली वाटतं? मी गादीचं माप दोनदा चुकीचं सांगितलं. मशीनच्या आवाजामुळे असावं. फार आवाज करते त्याची मशीन.

९ जून, सोमवार

आज आयुष्यातला सर्वोत्तम लेख टाकला. ‘दिव्याची अधोगती’. स्टॉपवॉच लावून काढलेली आकडेवारी: पाचव्या ते सातव्या भागात दिव्याची फेरी सतरा सेकंदांची, आठव्यापासून अठरा, दहाव्यात रखवालदारीण रडते तेव्हा चक्क बावीस. याला कारभार म्हणतात? आता त्यांचं पितळ उघडं पडणार.

१० जून

पितळ उघडं पडलं. माझं.

गणिताच्या बाईंनी फोरमवर मांडणी केली. पायरी एक: ट्रेलरमध्ये दिवा फक्त अर्धी फेरी फिरतो. पायरी दोन: तीसुद्धा एकदाच. पायरी तीन: म्हणून मुख्य रखवालदारांनी किमान पाच ते दहा हे भाग पाहिले आहेत. खाली दोन रेघा. मी लिहिलं, पाहिले नाहीत, तपासले. बाईंनी विचारलं, नियमात तपासणे हा शब्द कुठे आहे? मी म्हटलं, अपवाद म्हणून. बाईंनी माझंच वाक्य काढून खाली चिकटवलं.

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

११ जून

नियम चौथा लागू. चर्चा न करता हकालपट्टी. एकमताने, म्हणजे दोन विरुद्ध शून्य. पंखेवाल्यानेही माझ्याविरुद्ध मत दिलं! आता ‘मुख्य रखवालदार’ नावासमोर ‘माजी’ आहे. माणसं कृतघ्न असतात याची किळस येते.

१४ जून, शनिवार

बहिष्कार सुटला, म्हणजे मी आता मोकळा. अकरावा भाग घरी टीव्हीवर बघितला, उघडपणे, पूर्ण वेगात. एकट्याने. लेक खोलीत होती. सोफा फार मोठा घेतला आपण.

निश्चय: मोठं मन करायचं. पुढच्या शनिवारी शेवटचा भाग, आणि लेकीचीही शेवटची संध्याकाळ. झालं गेलं विसरून तिला माफ करायचं. दोघं मिळून बघायचं. मी एकही चूक सांगणार नाही. पाचापेक्षा जास्त तर नाहीच.

२१ जून, शनिवार. संध्याकाळी ७.००

साडेपाचपासून तयारी केली. टोस्ट, चहा, दोन उशा. पावणेसहाला तिच्या दारावर टकटक केली आणि म्हटलं, चल, मी तुला माफ केलंय, शेवटचा भाग एकत्र बघू.

ती बॅगेत कपडे भरत होती. म्हणाली, बाबा, मी तिसऱ्या भागानंतर बघितलंच नाही.

मला वाटलं थट्टा करते आहे. म्हटलं, मग इतके शनिवार आत हसत कोण होतं? म्हणाली, रूममेटशी बोलायचे, आईने सांगितलं नाही का तुला? मग म्हणाली, तुझा तो लेख वाचला, आणि मला त्यात चुकाच दिसायला लागल्या, मजाच गेली सगळी, म्हणून सोडलं.

एकेचाळीस सह्या गोळा केल्या. प्रामाणिकपणे बहिष्कार पाळणारं माणूस माझ्याच घरात होतं आणि मला पत्ता नाही.

तरी ती सोफ्यावर येऊन बसली. म्हणाली, अजून दहा मिनिटं आहेत, मधल्या आठ भागांत काय झालं ते सांग, म्हणजे शेवट कळेल मला.

मी तोंड उघडलं. चौथ्या भागात दाराला बिजागरी नव्हती, ते सांगितलं. ती म्हणाली, ते नको, गोष्ट सांग. मी म्हटलं, दहाव्यात रखवालदारीण रडते. का रडते, तिने विचारलं. मला आठवेना. बावीस सेकंद मोजत होतो मी तेव्हा. लोखंड्या का हसतो, तिने विचारलं. तेही माहीत नाही. आठ भाग डोळ्यांत तेल घालून पाहिले आणि पोरीला सांगायला एक वाक्य नाही. लाज वाटली. खरी लाज.

ती उठून खोलीकडे वळली. मग म्हणाली, राहू दे बाबा, सकाळी सहाची बस आहे, चेन लागत नाहीये बॅगेची, जरा दाबून धरतोस का?

मी बॅगेवर बसलो. तिने चेन ओढली. बाहेर शेवटचा भाग सुरू झाल्याचं संगीत वाजलं आणि बायकोने टीव्ही बंद केला. मी उठलो नाही.

२२ जून, रविवार. दुपारी १२.३०

लेकीला बसमध्ये बसवून आलो. खिडकीतून हात हलवला तिने. पोहोचल्यावर फोन करते म्हणाली.

घर अगदी गप्प आहे. बायको आत झोपली आहे, किंवा झोपलेली नाही.

काहीतरी करावं म्हणून फोरमला अर्ज लिहिला. बाराव्या सीझनचा शेवटचा भाग मी बघितलेला नाही, आणि बघणारही नाही, तरी मला साधा सभासद म्हणून परत घ्यावं. गणिताच्या बाईंचं दोन मिनिटांत उत्तर आलं. एकच शब्द. पुरावा?

काय पुरावा देऊ? भाग चालू होता तेव्हा मी तिच्या बॅगेवर बसलो होतो. जिने पाहिलं ती सहाच्या बसने गेली.